थांगमुजेची सपाट जागा

आमच्या कचेरीतून डोंगरात पायी फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना एक छापील फॉर्म जातो. त्यातला सातवा प्रश्न असा आहे: मुक्काम कुठे हवा, तंबूत की लॉजमध्ये? पुढे दोन चौकोन आहेत, एकात खूण करायची. चौतीस वर्षं मी ते चौकोन बघत आलो. तंबूत थंडी जास्त, लॉजमध्ये शेगडी आणि भिंती, यापलीकडे त्यात काही फरक असेल असं मला वाटत नव्हतं. फरक काय तो हर्कधोज राई यांनी मला एकदा सांगितला होता.

"तंबू असला की जागा रोज शोधावी लागते, साहूजी. लॉज असला की ती कुणीतरी एकदाच शोधलेली असते. कुणी शोधली, कुठल्या महिन्यात शोधली, हे कोण विचारतं?"

साहूजी, म्हणजे शेठजी, असं ते मला म्हणायचे. मी तेव्हा हसलो होतो. मला वाटलं, म्हातारा आपल्या माणसांची बाजू मांडतोय. आठ पाहुण्यांना तंबूत न्यायचं तर स्वयंपाकी, भांडी घासणारे, भारवाहक मिळून पंचवीस माणसं लागतात. लॉजमधून न्यायचं तर सहा पुरतात. ही पंचवीस माणसं हर्कधोज दाइ आपल्या भोजपूरच्या गावातूनच आणायचे. तेव्हा लॉज वाढले तसं त्यांचं तोंड कडू होणार, हे मी गृहीत धरलं होतं. गृहीत धरण्यात मी पहिला नव्हतो आणि एकटाही नव्हतो.

ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, म्हणून दाइ, म्हणजे दादा. विशीत डोको पाठीवर घेऊन, म्हणजे वेताची ती निमुळती टोपली कपाळाच्या पट्ट्याने तोलत, आमच्याकडे आले. आधी भांडी घासली, मग स्वयंपाक केला, आणि चाळिशीत सरदार झाले. सरदार म्हणजे पाहुण्यांच्या तांड्याचा कारभारी. कोण काय उचलणार, कोण मागे राहिलं, आज कुठे थांबायचं, सगळं त्याच्या शब्दावर. बुटके, रुंद खांद्यांचे, बोलणं कमी. दोन पोरी. मोठी गावातच दिलेली. धाकटी सुनकेशरी.

मुक्कामाची जागा निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. दुपारी दोनच्या सुमाराला ते तांड्याच्या पुढे निघून जायचे. जागेवर पोचले की जमीन बघायचे नाहीत, आधी वर बघायचे. मग झुडपं बघायचे. धुपीची, त्या डोंगरी सुगंधी झाडाची, झुडपं किती जाड आहेत, भोजपत्राची खोडं कुठल्या अंगाला वाकली आहेत. वरून बर्फाचे लोंढे कोसळतात तिथे झाडं वाढण्याआधीच मोडतात. मग जवळपास गोठ, म्हणजे गुराख्यांची उन्हाळी झोपडी, असेल तर तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारायचे. बाप्याला नाही. "बापे फुशारकी सांगतात. बाई कुठलं जनावर कुठे मेलं ते सांगते." आणि एवढं झाल्यावर पाणी किती लांब, वारा किती, हा विचार. त्यामुळे त्यांचे मुक्काम बहुधा उंचावर, खडकाळ आणि वाऱ्याचे असायचे. भारवाहक कुरकुरायचे, "आज पुन्हा हर्के दाइंची हवा खायची जागा!"

"हवा खा," ते म्हणायचे, "बर्फ खाण्यापेक्षा बरी. जिथे झाडं म्हातारी होत नाहीत तिथे आपण झोपायचं नाही."

ल्हामो खोऱ्यात थांगमुजे नावाची जागा आहे, तिथे झाडं म्हातारी होत नव्हती. पाच दिवस चढून गेल्यावर अचानक लागणारं हिरवं, ताटासारखं सपाट मैदान. कडेने ओढा. मागे गवताळ उतार, पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन तिथेच. थकलेल्या माणसाला पाहताक्षणी पाठ टेकावीशी वाटेल अशी जागा. हर्कधोज दाइ तिथे एकदाही थांबले नाहीत. ओढा ओलांडून दहा मिनिटं चढलं की खडकाची एक सोंड आहे, ते तिच्यावर तंबू ठोकायचे. सोंडेवरून उताराचा वरचा भाग दिसतो. मैदानातून तो दिसत नाही, मध्ये फुगवटा आहे. वर एक मोठी वाटी आहे, उन्हाळ्यात निळ्या फुलांनी भरलेली. खोऱ्यातली माणसं हिवाळ्यात याक घेऊन खालच्या गावी उतरतात आणि फाल्गुन संपता संपता वर येतात. म्हणजे त्या वाटीचा हिवाळा कुणी बघितलेलाच नाही. एका म्हाताऱ्या गोठवालीने दाइंना फार पूर्वी सांगितलं होतं, तिच्या आजीचं गोठ मैदानात होतं. एका वर्षी बर्फ वेळेआधी आलं. उतरायला चार दिवस उशीर झाला. मग ते गोठ नव्हतं.

याच मैदानात सुनकेशरीने घर बांधलं.

ती वडिलांबरोबर एका मोसमात स्वयंपाकाच्या कामाला गेली होती. तिथे छेवांग नावाचा शेर्पा मुलगा तिला भेटला. हसरा, जरा गबाळा, कुणाचंही काम करायला पळत सुटणारा. दोघांनी घरी न सांगता लग्न केलं. पुढे तीन महिने दाइ परदेशी तुकड्यांबरोबर लागोपाठ फिरत होते. परत आले तेव्हा थांगमुजेत भिंती छातीपर्यंत आल्या होत्या आणि एका खोलीत चूल पेटली होती. राई माणूस पेटल्या चुलीसमोर त्या घराबद्दल वाईट बोलत नाही. बोललं की ते खरं होतं, असं ते मानतात. हर्कधोज दाइ भिंतीजवळ उभे राहिले, वर बघितलं, मुलीने दिलेला चहा प्याले आणि गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं सात वर्षं टिकलं.

आता तीन दगडांचं सांगायला हवं. राई घरात चूल म्हणजे जमिनीत रोवलेले तीन दगड. घराचे पूर्वज त्यांत असतात. एकदा बसवले की हलवत नाहीत. मुलगी परक्या जातीत गेली तर तिला हे दगड मिळत नाहीत. पण सुनकेशरीने हट्ट धरला होता: बांनी गावाहून दगड आणावेत, माझ्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसवावेत, म्हणजे मी तुटले नाही हे सगळ्यांना दिसेल. दाइ दर वर्षी काहीतरी कारण काढायचे. दगड तर बसवले नाहीतच, पण तिच्या छपराखाली एक रात्रही काढली नाही. तांडा लॉजमध्ये उतरायचा आणि हे सोंडेवर आपला छोटा तंबू लावायचे. सगळ्या खोऱ्याने याचा एकच अर्थ काढला, आणि मुलीनेही तोच काढला. शेर्पाशी लग्न केलं म्हणून बाप अजून रागावलेला आहे. बापाच्या मनात मात्र एवढंच होतं की त्या जमिनीवर दगड रोवले की पोर तिथून कधीच हलणार नाही.

मी थांगमुजेला एकदाच गेलो, लॉज बघायला. चांगलं होतं. नऊ खोल्या, पाइनच्या लाकडाचं जेवणघर, छपरावर थाळी लावलेला टेलिफोन. त्या फोनला छेवांगने एक मोठी घंटा जोडून बाहेर पाख्याखाली टांगली होती.

"ही कशाला रे? शाळा काढलीस का?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी, साहूजी! बटाट्याच्या शेतात असलो तरी ऐकू यायला हवं. मागच्या मोसमात एक फोन चुकला तर दुसऱ्या कचेरीने दोन तुकड्या वरच्या लॉजला दिल्या. आता अर्ध्या डोंगरावर ऐकू येते."

सुनकेशरीने नाचणीचा ढिंडो आणि गुंद्रुकचा, म्हणजे आंबवलेल्या पाल्याचा, रस्सा वाढला. दाइ बाहेर ओट्यावर बसून खात होते.

"बा, आत या की. बाहेर गारठा आहे."

"गुडघ्याला ऊन बरं वाटतं."

"ऊन जाऊन तास झाला." ती माझ्याकडे वळली. "बघितलंत ना, साहूजी? गेल्या वर्षी कुत्रं भुंकतं म्हणून वर गेले. कुत्रं मेलं. मग म्हणाले, ज्वाईं घोरतात. आता ज्वाईंनाही मारू का?"

छेवांग आतून ओरडला, "माझं नाव कशाला मध्ये घेतेस? मी घोरत नाही!"

"घोरतोस," दाइ बाहेरून म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, पण ताटली उचलताना तिने ती जरा जोरात आदळली. तिची चार वर्षांची मुलगी डिकी आजोबांच्या मांडीवर चढली. दाइंनी तिला उचललं आणि संध्याकाळ होईपर्यंत सोंडेवर नेऊन बसवलं. मी मऊ बिछान्यावर झोपलो, आणि परत आल्यावर थांगमुजे लॉजचं नाव आमच्या छापील माहितीत पहिल्या ओळीत घातलं.

त्यानंतरच्या वर्षी कार्तिकासाठी बेल्जियमची आठ जणांची तुकडी आली. त्यांच्या फॉर्मवर सातव्या प्रश्नाला खूण होती ती तंबूच्या चौकोनात. मी त्यांना पत्र लिहिलं: हंगामाचा शेवट आहे, थंडी फार, वयाने आपण साठीच्या पुढचे, लॉज घ्यावेत हे उत्तम. व्यवस्थित, मुद्देसूद पत्र होतं. त्यांनी मानलं. त्यांचा म्होरक्या डिर्क नावाचा निवृत्त इंजिनियर होता. त्याने आभाराचं उत्तरही पाठवलं.

निघायच्या आदल्या दिवशी दाइ कचेरीत आले.

"तंबूची खूण होती म्हणतात."

"होती. मी बदलली."

"का?"

"दाइ, त्यांच्यातल्या दोघांचे गुडघे बदललेले आहेत. पहाटे उठून बर्फात संडासाच्या तंबूकडे जायचं, सांगा बरं कोण जाईल?"

"मग एवढं करा. जेवणाचा मोठा तंबू आणि स्वयंपाकाचा तंबू द्या. आणि फावडी."

"लॉजमध्ये फावड्यांचं काय काम?"

"माझी शेवटची फेरी आहे, साहूजी. नाही म्हणू नका."

मी दिले. जाताना त्यांचा डोको दारात अडकला म्हणून मी एका बाजूने हात लावला, तर तो हलेना.

"यात काय दगड भरलेत?"

"हो," ते म्हणाले. "तीन."

मला वाटलं थट्टा आहे. ते गावाहून आलेले तीन दगड होते. सुनकेशरीशी या खेपेला काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. दगड देईन, पण या जागेवर नाही. सात वर्षं लागली त्यांना हे वाक्य तयार करायला.

पुढचं मी डिर्कच्या, स्वयंपाकी इंद्रबहादुरच्या आणि सुनकेशरीच्या तोंडून ऐकलेलं आहे. तिघांच्या सांगण्यात मोठा फरक नाही.

तुकडी तिहारच्या, म्हणजे दिवाळीच्या, दुसऱ्या दिवशी थांगमुजेला पोचली. आकाश दुधासारखं झालं होतं आणि हवा उबदार. कार्तिकात त्या उंचीवर उबदार हवा कुणालाच नको असते, पण पाहुणे खूश होते. ओट्यावर शर्ट काढून बसले. दाइ आल्या आल्या सोंडेवर गेले, आणि तिथून खाली यायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. आले ते फावडी घेऊन परत गेले आणि दोन्ही मोठे तंबू लावले. दुपारी चारला बर्फ सुरू झालं. बंगालच्या उपसागरातलं वादळ वर सरकलं होतं. ते दोन दिवस थांबलंच नाही. खिडकीच्या खालच्या काचा बुजल्या, मग वरच्या. दाइ आणि इंद्रबहादुर दर तीन तासांनी वर जाऊन तंबू मोकळे करत होते.

"कुणासाठी उपसताय, बा?" सुनकेशरी म्हणाली. "तंबूत कोण राहतंय?"

"सवय आहे."

"रिकाम्या तंबूची एवढी काळजी. भरल्या घराची नाही."

डिर्क शेगडीपाशी पत्ते खेळत होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण बाप आणि मुलीत काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, असं त्याने मला नंतर लिहिलं. आणखी एक गोष्ट त्याने लिहिली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर म्हातारा सारखा कान भिंतीला लावायचा. कशाचा आवाज, असं याने खुणेने विचारलं. म्हाताऱ्याने मान हलवली. आवाज नव्हता, म्हणूनच तो ऐकत होता: वर साठलेलं बर्फ थोडंथोडंही घसरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फ थांबलं. ढग फाटले, आणि सगळे बाहेर येऊन फोटो काढू लागले. दाइ सोंडेवरून खाली आले, कमरेपर्यंत भिजलेले. त्यांनी एकच सांगितलं: ऊन मावळायच्या आत सगळ्यांनी वर जायचं.

डिर्क म्हणाला, आम्ही खोल्या घेतल्या आहेत, आणि तुमच्याच कचेरीने आम्हाला लॉजमध्ये राहायला सांगितलं आहे. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. दाइंनी वाद घातला नाही. त्यांनी इंद्रबहादुरला हाक मारली, आणि भांडी, स्टोव्ह, तांदूळ, पीठ, चहा, साखर, सगळं वर नेलं. तंबूच्या तांड्याचा जुना सरदार एक गोष्ट पक्की जाणतो. मुक्काम तिथेच असतो जिथे स्वयंपाक असतो.

"जेवण वर आहे," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. "आज, उद्या, जेवण वर."

पाहुणे चिडले, आपापसात बोलले, आणि तासाभराने बूट घालून निघाले. डिर्कच्या पिशवीत उपग्रहाचा फोन होता. चढता चढता तो थांबला आणि ब्रसेल्सला त्यांच्या एजंटला रागारागात सगळं सांगितलं.

सुनकेशरी दारात उभी होती.

"झालं समाधान? माझ्या घरात उतरलेले पाहुणे बापाने उठवून नेले. उद्या सगळं खोरं म्हणेल, बाप जिथे राहत नाही तिथे आपण कशाला राहायचं."

"केशरी, तू पण चल. पोरीला घे."

"मी? का?"

"चल."

"का ते सांगा! सात वर्षं विचारतेय. मी काय पाप केलं? माणूसच केला ना? चोर तर नाही केला?"

छेवांग मध्ये पडला. "बा, राग माझ्यावर असेल तर मला बोला. तिला नको."

"राग?" दाइ म्हणाले. इंद्रबहादुर सांगतो, त्यांचा चेहरा अगदी भांबावल्यासारखा झाला. एवढी वर्षं मुलगी काय समजत होती ते त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं असावं. त्यांनी शेगडीकडे बघितलं. आग पेटलेली होती. मग ते मुलीचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर घेऊन आले, आगीकडे पाठ केली आणि जवळजवळ कुजबुजत म्हणाले, "दगड आणलेत मी."

तिने वळून त्यांच्याकडे बघितलं.

"आजोबांच्या अंगणातले. बसवतो. आज."

"कुठे?"

"वर."

"वाऱ्यात? खडकावर? माझं घर इथे आहे, बा."

"घर तुझं. दगड आजोबांचे. ते कुठे बसतील हे मी बघणार. माझं सगळं आयुष्य हेच बघण्यात गेलं, केशरी. एवढं एक तरी माझं ऐक."

पहिली आग पेटते तेव्हा घरच्या मुलीने मूठभर धान्य टाकायचं असतं. ती नसेल तर दगड मुके राहतात. सुनकेशरी रडत आत गेली, मूठभर तांदूळ फडक्यात बांधले, डिकीला पाठीवर घेतलं. छेवांगने याक मोकळे सोडले आणि मागोमाग निघाला. स्वयंपाकाच्या तंबूत, बर्फ खणून, दाइंनी तीन दगड रोवले. आलं वाहिलं, थोडी जाड, म्हणजे घरी केलेली धान्याची दारू, शिंपडली. आग धरायला वेळ लागला. तिने तांदूळ टाकले. इंद्रबहादुर म्हणतो, बाप आणि मुलगी मग एका ताटात जेवली. मग डिकीला मध्ये घेऊन सगळे तिथेच झोपले.

इथपर्यंत सगळं त्यांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत साडेनऊच्या आधी पोचलो. टेबलावर ब्रसेल्सच्या एजंटचा कागद होता: लॉज ठरवलेला असताना आमच्या माणसांना जबरदस्तीने तंबूत का ठेवलं, ताबडतोब खुलासा करावा. मी चौतीस वर्षांत एकही खुलासा लांबवलेला नाही. मी थांगमुजेचा नंबर फिरवला.

खूप वेळ वाजला. कुणी उचलला नाही. मी पुन्हा फिरवला, मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी वाजतच ठेवला.

तिकडे सोंडेवर सगळे चहा पीत होते. स्वच्छ निळं आकाश होतं आणि वाटीवर सकाळपासून ऊन तापत होतं. घंटा स्पष्ट ऐकू येत होती.

"कचेरीचा असणार," छेवांग उठला.

"वाजू दे," दाइ म्हणाले.

"साहूजी असतील, बा. उचलला नाही तर पुढच्या वर्षी तुकड्या जातील."

"जाऊ देत. वाजू दे."

घंटा थांबली. तो बसला. दाइ चहाचा पेला भरायला वळले. मग ती तिसऱ्यांदा वाजू लागली, आणि ते परत फिरले तेव्हा छेवांग ओढ्याकडे उतरत होता. कुणीही हाक मारली की पळत सुटायची त्याची सवय. दाइ ओरडले नाहीत. वर तेवढं बर्फ टांगलेलं असताना मोठ्याने ओरडत नाहीत. ते त्याच्यामागे निघाले. त्रेसष्टावं वर्ष, कमरेइतकं बर्फ.

"हजूर, थांगमुजे लॉज, छेवांग बोलतोय," तो धापा टाकत म्हणाला.

"छेवांग, हे काय चाललंय? हर्कधोज दाइंना बोलाव."

"ते वर आहेत, साहूजी. सगळे वर आहेत. घंटा ऐकून मी धावत आलो."

"पाहुण्यांना खाली आण. लगेच. मला इथे उत्तरं द्यावी लागतात."

"आणतो, आणतो." तो हसत होता. "साहूजी, ऐका तरी. बांनी शेवटी दगड बस—"

मग एक आवाज आला. मोठा नव्हता. जड लाकडी दार लांब कुठेतरी ढकलावं तसा. त्यानंतर रिसीव्हरमध्ये काहीच नव्हतं, खरखरसुद्धा नाही. मी आणखी तीनदा फिरवला, कारण फोन मध्येच तुटला की पुन्हा फिरवायचा, अशी माझी पद्धत आहे.

दाइ ओढ्याच्या अलीकडे होते. कोसळलेल्या बर्फाच्या वाऱ्याने त्यांना पाठीवर पाडलं, बाकी काही झालं नाही. घराच्या जागी पांढरं मैदान होतं, आधीपेक्षा थोडं उंच आणि तितकंच सपाट. त्यांनी, इंद्रबहादुरने आणि आठही पाहुण्यांनी संध्याकाळपर्यंत खणलं. डिर्कही खणत होता. फावडी दोनच होती. छेवांग वैशाखात सापडला.

त्याआधी पौषात दाइ तंबू परत करायला कचेरीत आले. तंबू वाळवून, घड्या घालून आणले होते. मी उभा राहिलो आणि त्यांना सांगितलं की तो फोन मी केला होता.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तीनदा वाजला. एवढा चिवट माणूस आमच्या ओळखीत दुसरा कोण आहे?"

मला बसता येईना. त्यांनीच मला हाताने खाली बसवलं.

"चूक तुमची नाही, साहूजी. तुम्ही इथे बसता, तुम्हाला उतार दिसत नाही. मला दिसत होता. मी सात वर्षं तोंड बंद ठेवलं." मग त्यांनी विचारलं: "तुम्हाला खुलासा द्यायचा होता ना? काय लिहिलंत?"

मी काहीच लिहिलं नव्हतं.

सुनकेशरी सोंडेवरच राहते. रोवलेले दगड हलवत नाहीत, तेव्हा तंबूच्या जागी दोन खोल्या उभ्या राहिल्या. तिथे वारा इतका आहे की पाहुणे चहा पितात आणि पुढे जातात. दाइ आता तिच्याकडेच असतात आणि छपराखाली, चुलीजवळ झोपतात. हिवाळ्यात सगळं खोरं खाली उतरलं की तेवढ्या एका घरातून धूर निघतो, असं म्हणतात.

मी येत्या आषाढात निवृत्त होतोय. माझ्या जागेवर रोशनी बसेल. हुशार आहे, माझ्यासारखीच वाणिज्य शाखेची. मागच्या आठवड्यात टपालाने एक पत्र आलं. खालच्या गावातल्या एका माणसाने थांगमुजेच्या मैदानात नवा लॉज बांधायला घेतला आहे. वीस खोल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, सकाळचं ऊन. मोसमाच्या आधी तुकड्या ठरवाव्यात ही विनंती. सोबत मैदानाचा फोटो आहे. गवत पुन्हा आलंय. कडेला धुपीची झुडपं आहेत, एकही गुडघ्याच्या वर नाही.

मी रोशनीला हे सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसंच, क्रमाने. तिने लक्ष देऊन ऐकलं, दोनदा "अरेरे" म्हणाली. मग फोटो उजेडाकडे धरला.

"पण सर," ती म्हणाली, "किती छान सपाट जागा आहे."